एक खुर्ची रिकामी

"बाई, ही शेजारची खुर्ची आम्हाला परत द्या," एवढंच ग्लेन हॉफ्स्ट्राला म्हणायचं होतं. पण मार्लीनबाईंनी त्याच्या हातात गरम कोकोचा पेला ठेवला आणि वाक्य राहूनच गेलं.

हार्मन कॉलेजची तिकीटविक्री ग्लेनकडे होती. कॉलेज मिशिगनमधलं, ना धड मोठं ना धड लहान. दर सप्टेंबरात अमेरिकन फुटबॉलच्या संघाने एखाद्या बलाढ्य विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन यथेच्छ मार खायचा, त्याबद्दल मिळालेला चेक खिशात घालायचा आणि त्यावर वर्षभराचा संसार चालवायचा, अशी इथली रीत. आपला एखादा पोरगा जरा बरा चेंडू फेकायला लागला, की पुढच्या वर्षी मोठं कॉलेज त्याला पैसे देऊन उचलायचं. उरलेली पोरं तरीही जीव तोडून खेळायची. यंदा तर ती चक्क जिंकत होती. बघायला मात्र काळं कुत्रं फिरकत नव्हतं.

क्रीडाप्रमुख टिमन्स आज सकाळीच त्याच्यावर खेकसला होता. "वरच्या काचेच्या खोल्या भरल्यात रे. पैसेवाले तिथं उबेत बसून चरतात, बाहेरचं काही त्यांना ऐकूही जात नाही. पण टीव्हीवर दिसतात त्या खालच्या रिकाम्या खुर्च्या! शेवटच्या सामन्याला मैदान भरलं नाही तर लीग आपल्याला खालच्या गटात ढकलेल. मग तूही दुसरी नोकरी बघ. आणि त्या म्हातारीची खुर्ची आधी सोडव. ऐन कॅमेऱ्यासमोर भोक पडल्यासारखं दिसतं."

म्हणून ग्लेन सामना चालू असताना इथे, प्रेक्षकांच्या रांगेत आला होता. मार्लीन ड्वोरॅक दर सामन्याला तासभर गाडी चालवत यायच्या. तिकिटं दोन, माणूस एक. शेजारच्या खुर्चीवर चौकड्यांचं ब्लँकेट नीट घडी घालून ठेवलेलं असायचं.

"ही खुर्ची कुणाची?" ग्लेनने चाचरत विचारलं.

"लायलची. माझा नवरा." बाईंनी ब्लँकेटवर हात फिरवला. "लग्न झाल्यापासून इथंच बसायचो दोघं. मग पाच वर्षांपूर्वी तो वर गेला."

"अरेरे."

"अरेरे कसलं? तिकडे मजेत आहे. थंडी नाही, वारा नाही, गुडघे दुखत नाहीत. बोलावणं आलं आणि निघाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही बघ मेल्याने."

"तुम्हाला फार एकटं वाटत असेल."

"पहिल्या वर्षी वाटलं. रागही आला. मलासुद्धा दोनदा बोलावणं आलं होतं, पण मी नाही गेले. म्हटलं, माझा जीव अजून या गवतात अडकलाय." त्या हसल्या. "जाईन कधीतरी. गुडघे कुणाला चुकलेत?"

तेवढ्यात हार्मनने टचडाउन करून गुण मिळवले. बाईंनी आपला पेला उचलून आभाळाकडे उंच धरला. मागच्या रांगेतल्या डेनिसने मुकाट्याने टोपी काढली. "प्रत्येक टचडाउनला करतात," तो ग्लेनच्या कानात कुजबुजला. "पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पोरासारखा रडलो."

ग्लेनच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. खुर्ची मागायचं त्याच्या जिवावर आलं. कोको संपवून तो ऑफिसात परतला तो वेगळीच कल्पना डोक्यात घेऊन.

दुसऱ्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर एक चित्र झळकलं. चौकड्यांचं ब्लँकेट ठेवलेली खुर्ची, आणि खाली दोनच ओळी: 'ही खुर्ची रिकामी राहील. बाकीच्या तुम्ही भरा.' नाव मुद्दामच दिलं नव्हतं. बाईंना आधी पत्ता लागू द्यायचा नव्हता. डेनिसने मात्र ओळखलं आणि अख्ख्या रांगेला गप्प राहायची शपथ घातली. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, ॲपल पाय खाता खाता लोक त्या खुर्चीबद्दल बोलू लागले. तिकिटं हातोहात खपली. टिमन्सने पहिल्यांदाच ग्लेनच्या पाठीवर थाप मारली. "गड्या, तुझी नोकरी एका मेलेल्या माणसाने वाचवली!" ग्लेनला हे बोलणं आवडलं नाही. पण त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला.

शेवटच्या सामन्याला मैदान तुडुंब भरलं. ग्लेनने कित्येक वर्षांत एवढी माणसं इथे पाहिली नव्हती. त्याचा ऊर भरून आला. हातात फुलं घेऊन तो बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर नवी पितळी पट्टी बसवली होती: 'लायल ड्वोरॅक यांच्या स्मरणार्थ.' ब्लँकेट टाकून त्याने ती झाकून ठेवली होती.

दोन्ही संघ मैदानात उभे राहिले. भोंग्यातून आवाज घुमला. "हार्मनचे निष्ठावान चाहते, कैलासवासी लायल ड्वोरॅक यांच्यासाठी आपण क्षणभर स्तब्ध उभे राहू या."

सगळं मैदान उठलं. टोप्या निघाल्या. ग्लेनने ब्लँकेट अलगद बाजूला केलं.

बाईंनी पट्टी वाचली, ग्लेनकडे पाहिलं, पुन्हा पट्टी वाचली. मग दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्यांचे खांदे गदगदा हलू लागले.

"रडा," ग्लेन गहिवरून म्हणाला. "मोकळ्या व्हा."

त्या अथांग शांततेत बाईंच्या पर्समधला फोन खणखणला. लोक वळून बघू लागले. बाईंनी तोंडावरचा एक हात काढला. त्यांनी फोन चालू करून ग्लेनच्या हातात कोंबला आणि बोट वर, काचेच्या खोल्यांकडे केलं. तिथे एका काचेला चिकटून एक जाडजूड म्हातारा उभा होता, एका हाताने टोपी छातीशी धरून, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून.

"अगं मार्लीन," फोनमधून आवाज आला, "सगळे उभे राहिले म्हणून मीही राहिलो. पण गेलं कोण?"