सर्वात मोठा आकडा

प्रबंधासाठी केलेल्या सर्वेक्षणाचं बहुचल विश्लेषण चालवण्याआधी सॉफ्टवेअरनं काढलेलं कोष्टक पाहिलं. ‘एकटं वाटतं का?’ या प्रश्नाला उत्तरं एक ते पाच; एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी. सर्वात मोठा आकडा मात्र नऊ. नऊ हा उत्तर न देणाऱ्यांसाठी मीच टाकलेला कोड. त्यांना सरासरीतून वगळायचं राहिलेलं. “गाळ की मग,” गाइड फोनवर म्हणाले. गाळले. सरासरी धाडकन उतरली. ‘माणसं एकटी पडलीत’ हा प्रबंधाचा निष्कर्षच गेला. स्वतःवर चरफडत मी गठ्ठ्यातून नऊवाले फॉर्म उपसले. पहिलाच बाबांचा. संख्या भरेना म्हणून त्यांच्याकडूनही भरून घेतलेला. आकडे टाइप करताना कागद कोणाचा, हे बघतंय कोण. बाकी उत्तरं ठसठशीत. एकटेपणाच्या प्रश्नापुढे मात्र पेन्सिलीनं लिहून इतक्या वेळा खोडलेलं, की कागद विरला होता. पलीकडच्या खोलीतून बाबांनी विचारलं, “झालं का गं काम?” मी उठले. “नाही बाबा. एक उत्तर राहिलंय.”