खळीची वीट

तुळशीराम गवंड्याने दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटल्या आणि कान दिला. टण्ण काही वाजलं नाही. ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा बद्द आवाज आला.

"बोलत न्हाय तुमची वीट, फकरूशेट."

"भट्टीची नाही ना ती," फखरुद्दीन घाईघाईने म्हणाला. "मुकी आहे, पण कामाची आहे. टाकून तर बघा."

तुळशीरामने कमरेइतक्या उंचीवरून वीट फरशीवर सोडली. कोपरासुद्धा उडाला नाही. फखरुद्दीनच्या जिवात जीव आला.

मुलींच्या शाळेवर दुसरा मजला चढवायचा होता. खालच्या जुन्या भिंतींना लाल विटेचं ओझं पेलवणार नव्हतं, म्हणून शाळेच्या मंडळींनी हलकी वीट पारखायला शेलार गावच्या तुळशीरामला कामतघरला फखरुद्दीनच्या शेडवर धाडलं होतं. त्याने मान हलवली की वीट पास. नाही हलवली तर फखरुद्दीनला पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या लूमवर, कापडाच्या मागावर, ड्युटी धरावी लागणार होती, कारण त्याचे स्वतःचे सहाही लूम सत्त्याण्णवच्या मंदीत भंगारात गेले होते. पण माणूस मुलखाचा हट्टी. कापड गेलं तर कापडाच्या कचऱ्यावर जगू, म्हणाला. लूमखाली साचणारा कापसाचा भुगा, सायझिंग कारखान्याच्या बॉयलरची राख आणि नावापुरतं सिमेंट. जे लोक उकिरड्यावर फेकतात त्यातून त्याने वीट उभी केली. गल्ली हसली, आणि हा रिकाम्या शेडमध्ये विटांचे थर लावत राहिला.

आता विटेने मार सोसला म्हटल्यावर त्याला चेव आला.

"आणि हलकी किती ते बघा! ही गेल्या महिन्यातली. ही दिवाळीतली. जुनी उचला, तुळशीरामभाऊ. जितकी जुनी तितकी हलकी. दर महिन्याला वजन उतरतंय, मी स्वतः तोलून बघतो."

तुळशीरामने एका हातात नवी वीट घेतली, दुसऱ्या हातात जुनी. दोन्ही हात खालीवर करून त्याने तोलून पाहिलं.

"वाळायची वीट म्हैन्याभरात वाळते, शेट. मंग पुढं वजन का उतरंल?"

"उतरतंय खरं."

"हां. त्येच इचारतोय."

त्याने जुनी वीट उपडी केली आणि थापीच्या कडेने बेताचा एक ठोका दिला. वीट मधोमध उघडली. वर बोटभर जाडीचं कवच आणि आत नुसत्या पोकळ वाटा. उजेड पडताच पांढरे किडे सैरावैरा पळाले.

"वाळवी," तुळशीराम म्हणाला. त्याने थरातली आणखी एक वीट फोडली. तीही तशीच निघाली. "पन राखेत वाळवी अशी माजत न्हाय. कापूस घातलाय, त्यो बी थोडाच. अजून काय खायला घातलंय हिला?"

आत काय घातलंय ते फखरुद्दीनने कुणालाच सांगितलं नव्हतं. हीच तर त्याची करामत होती.

"खळ," तो म्हणाला. "सायझिंगवर उरते ती, पिठाची. कालवलेल्या मालाच्या दर घाण्याला एक बादली."

खळ दिल्याशिवाय सूत लूमवर टिकत नाही, पटापट तुटतं, हे त्याने तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. कच्च्या धाग्याला जी उभं करते ती राखेला का नाही करणार, एवढाच साधा त्याचा हिशेब.

"सुताला चालतं, शेट," तुळशीराम हळू आवाजात म्हणाला. "कापड धुतलं का खळ जाते. भिंत कोन धुनार?"

फखरुद्दीन विटांच्या थरावर बसायला गेला, पण बसला नाही. शाळेचं काम गेलं. गल्ली पुन्हा हसणार. आधी तेवढंच मनात आलं, आणि तेवढ्यानेच तो रडायच्या बेताला आला.

"ही वीट अजून कुठं लागली हाय का?" तुळशीरामने विचारलं.

दिवाळीतल्या पहिल्या घाण्याची वीट फखरुद्दीनने कुणाला दिली नव्हती. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्या विटांनी या शेडवरच एक खोली चढवली होती, आणि मुलाचा संसार त्या खोलीत मांडून दिला होता. जो भेटेल त्याला तो छाती काढून सांगायचा, माझी तान्ही नात त्या भिंतींच्या आत झोपते, याहून मोठी खात्री कसली हवी?

त्याने बोट वर केलं.

तुळशीरामने छताकडे पाहिलं आणि थापी खाली ठेवली. "कोन हाय वर?"

"सून. नात. मुलगा मुनीर ड्युटीवर गेलाय."

"त्यांना खाली बोलवा. आत्ताच्या आत्ता. पन हळू या म्हनावं, दणदण नको."

फखरुद्दीन बाहेर जिन्यापाशी गेला.

"साजिदा, बाळाला घेऊन खाली ये. हळू ये, बेटा."

"आले, अब्बा!"

दार उघडून साजिदा उंबऱ्यात आली. पोर तिच्या कडेवर होती. चप्पल पायात सरकवायला तिने एक हात भिंतीला टेकला, सगळा भार त्यावर टाकला आणि खाली वाकून हसत विचारलं, "पास झाली ना आपली वीट?"