हाताला हात

"सूनबाई, याच्या हाताला हात लावा," काका म्हणाले आणि त्यांनी पळीभर पाणी चिंतामणच्या तळहातावर ओतलं.

त्र्यंबकेश्वरातल्या काकांच्या घरी परगावची माणसं रोज ग्रहदोष काढून घ्यायला येतात. आज इंदिरानगरहून घरचाच पुतण्या आणून पाटावर बसवला होता. नव्या धोतराची खळ त्याच्या मांड्यांना टोचत होती. शेजारच्या खोलीत दुसरी पूजा चालली होती, तिथली घंटा थेट दातांत वाजत होती. शुभांगीने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. रीतीप्रमाणे नुसतं बोट टेकवलं असतं, तर त्याच्या अंगावर मुंग्या चालल्या असत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा कुठे त्याने हे सांगितलं होतं.

याला जन्मापासून स्वमग्नता आहे, असं त्याच बाई म्हणाल्या होत्या. चारचौघांसारखं वागून वागून माणूस पार खचलाय. सहा महिने ऑफिस नको, गोंगाट नको.

"ते लहान मुलांना असतं," थोरल्या भावाने तिथेच निकाल लावला होता. पूजा उरकली की सोमवारी चिंतामण कामावर येईल, असं त्याने साहेबांना परस्पर कळवूनही टाकलं होतं.

"हं, चिंतू. नाव, गोत्र झालं," काका म्हणाले. "आता म्हण, दोषपरिहारार्थम्."

चिंतामणच्या समोरच दादा बसला होता. नजरेला नजर देत नाही म्हणून शाळेत मास्तरांनी मुस्काटात मारली होती, तेव्हा हाच दादा हसला होता. पंगतीतून उठून गेला म्हणून माजोरडा, पाहुणे आले की खोलीत जातो म्हणून तुसडा. सगळं मुकाट ऐकून घेतलं. आता तेच स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं?

"दोष नाहीये," तो म्हणाला.

"अरे, नुसतं म्हणायचं असतं!" दादा खेकसला. "जीभ झिजते का तुझी? आम्ही काय हौसेने आलोय इथे?"

"खोटं का म्हणू?" चिंतामण एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारची घंटा थांबली. हातातलं पाणी मांडीवर सांडलं. "इतकी वर्षं तुमच्यासारखा वागलो ना? त्यातच मेलो मी, दादा! आता तरी पडून राहू दे मला!"

काकांनी मान वर केली नाही. असले यजमान त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"असू दे. त्याच्या वतीनं मी म्हणतो," ते म्हणाले. "सूनबाई, तुम्ही फक्त हात लावून ठेवा. त्याशिवाय संकल्प पुरा होत नाही."

शुभांगीने मनगट सोडलं.

"मग अपुरा राहू दे," ती म्हणाली आणि पिशवीतून त्याचा धुऊन धुऊन मऊ पडलेला जुना सदरा बाहेर काढला.