चार बोटं जागा

“सांगितलं तर कुणाला पटायचं नाही,” म्हणत धाकलू तांडेलांनी दामलेबाईंच्या हातातल्या रबरी सीलकडे नासक्या बांगड्याकडे बघावं तसं बघितलं.

बाईंची शिडाची, पण इंजिनही बसवलेली बोट आज भरतीला पाण्यात उतरणार होती. इंजिनामागे जागा जेमतेम चार बोटं. तिथं बोटीबाहेरचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, भोवतीनं पाणी शिरलं, तर बोट तळाला.

“फेका ते बाटलीचं बूच! माझ्या होडीत दोनच बोटं जागा. शाफ्टभोवती चरबीतली दोरी भरली. जन्मात थेंब नाही; तळाशी आमची ही पापड वाळवायची.”

“पण दोरी दाबणारा नट आवळायला पाना कुठून शिरणार?”

“पाना शहरवाल्यांना लागतो. मी दातांनी आवळायचो.”

बाईंनी सील ठेवून शेजारी पडलेली दोरी उचलली.

मागून टोपली उतरवत तांडेलांची बायको म्हणाली, “पापड मरू देत! अहो, शिडं शिवून माझी बोटं झिजली. त्या होडीला इंजिन होतं कधी?”