लोलक नसलेली घंटा

पितांबरने कानांवरचे डबे काढले आणि पायाखाली बोट दाखवलं. "अठी बोलू राह्यलं. खणा."

पितांबर पलटणीतून निवृत्त होऊन गावी आला होता. जमिनीतला धातू हुडकणारं ते यंत्र त्याने लष्करी भंगारातून आणून दुरुस्त केलं होतं. जीवरामच्या मळ्यात कुठेतरी एक गोड्या पाण्याची विहीर होती आणि ती जुन्या पुरात गाळाने बुजली, एवढंच जीवरामचे आजोबा सांगून गेले होते. विहीर असेल तर मोटेचं लोखंड असेल, लोखंड असेल तर यंत्र बोलेल, असा पितांबरचा अंदाज. बहात्तरच्या त्या दुष्काळात गावची विहीर आटली होती. बाया लांबून नदीच्या डबक्यातलं पाणी आणत होत्या. आणि मळ्यात खणायला आलेली माणसं दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाणार होती.

कमरेइतका गाळ उपसल्यावर दोन घडीव दगड लागले. दगडांच्या मध्ये कोनाडा होता आणि कोनाड्यात काळी पडलेली चांदीची वस्तू. जीवरामने ती वरच्या कडीला धरून उचलली. मोठ्या वाटीएवढी होती. कडी वर, तोंड खाली.

"घंटा हाये," खणणाऱ्यांतला निंबा म्हणाला. "लोलक तेवढा गळून पडला."

झालं! माणसं भराभर खड्ड्याबाहेर आली. कुणी कपाळाला माती लावली, कुणी कान धरले. देवळाच्या माथ्यावर कुदळ कोण मारणार?

"आमच्यानं नाही होणार, भाऊ," निंबा म्हणाला. मग पितांबरकडे वळून हसला. "तुह्या यंत्राले आम्ही पाणी मांगितलं, त्यानं देव काढून दिला!"

उन्हं चढत होती. जीवरामने ती वस्तू उपरण्यात गुंडाळली आणि तो भंवरीबाईंच्या दुकानाकडे निघाला. भंवरीबाई जैन होत्या, आणि मळाही पूर्वी कुणा जैन घराण्याचा होता, असं तो ऐकून होता. घंटा त्यांच्या देवाची असेल, तर निदान खणायची परवानगी तरी मागता येईल.

भंवरीबाई गुळाची ढेप फोडत बसल्या होत्या. साऱ्या गावाच्या त्या अक्का. विचारलेल्याचं उत्तर त्या कधी सरळ देत नसत, समोरच्याकडूनच काढून घेत.

"अक्का, तुमच्या मंदिरातली घंटा हाये का ही?"

अक्कांनी चिमूटभर राख घेऊन चांदी घासली. काठाला समोरासमोर दोन भोकं उघडी पडली.

"घंटेला भोकं कशाला रे?"

"मले काय मालूम?"

"तू ही उलटी धरलीस, बेटा."

त्यांनी ती पालथीची उताणी केली. लोटी होती. कडी आता बुडाशी आली.

अक्कांनी आतून पाण्याची बादली आणली. काठाच्या भोकांतून एक दोरी ओवली, दुसरी बुडाच्या कडीला बांधली. लोटीत थोडं पाणी घेतलं.

"आम्ही पाणी गाळून पितो. गाळल्यावर फडक्याला काय राहतं?"

"कचरा."

"आणि जीव. दिसत नाहीत, पण असतात. त्यांना कुठं टाकायचं?"

"मोरीत?"

"मरतील."

"मग नदीत सोडा."

"तुला उचलून सुरतेला सोडलं तर चालेल?"

जीवरामने नकारार्थी मान हलवली.

"ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत. तेही वरून फेकायचं नाही, आपटतील बिचारे." त्यांनी लोटी हळूहळू बादलीत सोडली. बूड पाण्याला टेकलं तशी वरची दोरी ढिली केली आणि खालची ओढली. लोटी अलगद कलंडली. आवाजसुद्धा झाला नाही.

"इतरांची पितळेची असते," अक्का म्हणाल्या. "हिनं चांदीची केली. कोण होती कोणास ठाऊक! आता सांग, धुऊन पालथी घातलेली ही लोटी कुठल्या कोनाड्यात असेल? देवळाच्या?"

जीवराम केव्हाच उठला होता. "काठावरच्या! अक्का, विहिरीच्या काठावरच्या!"

दिवस मावळायच्या आत ओला गाळ लागला. दुसऱ्या दिवशी खडी फोडायला कुणी गेलं नाही. गाळाखालून झरा सुटला. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं. पहिला हंडा जीवरामने अक्कांच्या दारात उतरवला आणि तो पाया पडायला वाकला.

अक्कांनी पाय मागे घेतले. "माझ्या कशाला? जिनं ती लोटी ठेवली, तिच्या पड."

"तिचे पाय कुठी शोधू, अक्का?"

अक्का हंड्याकडे वळल्या. कळशीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून त्यांनी हंड्यातलं पाणी गाळलं. फडकं उलटं करून, गाळलेल्याच पाण्याने लोटीत खळबळलं. आता मळ्यापर्यंत जायला त्यांनी चपला पायांत सरकवल्या, तेव्हा जीवरामने दोन्ही हात पुढे केले.

"द्या अक्का. मी जातो."

दुपारचं ऊन रणरणत होतं. मळ्याच्या वाटेवर बायांची रांग लागली होती, हंड्यांवर हंडे. त्यांतल्या बेबाबाईने त्याला उलट्या दिशेने, दोन घोट पाणी तळहाताने झाकून, जपून पावलं टाकत येताना पाहिलं.

"काय रे भाऊ, सारं गाव विहिरीवरून पाणी आणू राह्यलं, अन् तू तिकडे पाणी नेतो?"

जीवरामने मान वर केली नाही. लोटी हिंदकळली असती.

"विहिरीचे मालक हायेत, वहिनी. घरी सोडून येतो."