कुठे येऊ?

"अम्मा, मला घ्यायला ये." फोनवर सोळा वर्षांच्या निवेद्याचा आवाज कापत होता. क्लासला म्हणून गेली होती पोर.

"कुठे येऊ?" शैलजानं एवढंच विचारलं आणि गॅस बंद करून स्कूटर काढली.

निवेद्या बीच रोडवरच्या एका बंगल्याबाहेर अंग चोरून उभी होती. मागे बसता बसता म्हणाली, "मी नको म्हटलं, तर तो हसायलाच लागला. मग आले निघून."

"बरं केलंस."

वाटेत टपरीवर थांबून शैलजानं चहा आणि केळ्याची भजी घेतली. लेकीनं हातसुद्धा लावला नाही.

"ओरड ना एकदाची! खोटं बोलून गेले, तो कोण होता, काहीच कसं विचारत नाहीस?"

"खा आधी, मोळे, माझ्या पोरी. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. त्याच्याशी काय बोलायचं ते दोघी मिळून ठरवू." शैलजानं भजी तिच्यापुढे सरकवली. "तुझी लतिका वलियम्मा..."

निवेद्यानं या मावशीचा फक्त फोटो पाहिला होता, तोही अम्मम्माच्या, म्हणजे आजीच्या, खोलीत.

"तुझ्याएवढीच होती. तिनंही एकदा असाच घरी फोन केला होता. अम्मम्मानं उचलला आणि म्हणाली, 'आधी सांग, कोणाबरोबर आहेस?' पलीकडून फोन ठेवला गेला. ती परत आलीच नाही."

 

शैलजानं चहा खाली ठेवला. "अम्मम्मा अजूनही ताट घेऊन फोनजवळच जेवायला बसते."