लाल ठिपका

२०२२ साली मैलापूरला माझ्या भाच्याचं, गजेंद्रचं लग्न झालं. माझ्या नातवाने, श्रीवत्सने, त्यासाठी नवा कोरा महागडा कॅमेरा घेतला होता. संध्याकाळी फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आले. एका फोटोत गजेंद्रच्या विधवा भावजयीच्या, भव्याच्या कपाळावर लाल टिकली होती.

"माझा मुलगा गेला आणि ही कुंकू लावून मिरवते!" तिची सासू, माझी धनलक्ष्मीवहिनी, कडाडली.

"अत्ते, देवाशप्पथ, मी नाही लावलं," भव्या सासूला म्हणाली.

सकाळच्या गाडीने तिची माहेरी पाठवणी झाली.

आठवड्याने श्रीवत्स म्हणाला, "आजी, कॅमेऱ्यातच दोष निघाला. प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल ठिपका आहे."

मी लगेच फोन केला. "वहिनी, भव्याला परत बोलवा."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं, वन्सं. माझ्या फोटोत तो ठिपका नाकावर आहे. पण घरात खोल्या दोनच. नवी सून कुठे झोपली असती?"

श्रीवत्सला कंपनीने कॅमेरा बदलून दिला. गजेंद्र बायकोला घेऊन शोळिंगनल्लूरला वेगळा राहतो. भव्या तंजावरला भावाच्या स्वयंपाकघरात झोपते.



तिच्या खोलीला वहिनीने कुलूप घातलंय.